साहेबाच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद

बाबा, त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बुटांना पॉलिश करत होता. आई तव्यावर पोळी टाकत होती, आणि रेल्वे क्वार्टरच्या त्या एवढ्याशा खोलीत पोळीपेक्षा पॉलिशचाच वास जास्त. इंग्रजांची फौज सोडून तुम्हाला पंचवीस वर्षं होत आली होती, आता तुम्ही मालधक्क्यावर कारकून होता, तरी ब्रश मारून, मग ओला कापूस बोटाला गुंडाळून बुटावर छोटे छोटे गोल फिरवल्याशिवाय तुमचा दिवस सुरू व्हायचा नाही. "इंग्रज गेले, पण यांचे बूट अजून परेडलेच जाऊन राहिले," आई म्हणायची. तुम्ही हसायचात. मग बूट उलटा करून तळ बघत राहायचात.

तेवढ्यात पोस्टमनने विलायतेचं पाकीट आणलं. तुमच्या जुन्या साहेबाचं. फौजेने तुम्हाला रोमन अक्षरांत हिंदुस्तानी वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे इंग्रजीतली अक्षरं ओळखीची, शब्द मात्र परके. हात पुसून तुम्ही पाकीट माझ्यापुढे धरलंत. "वाच पोट्टी. तुले कॉन्व्हेंटात काहून टाकलं मंग?" मी तेरा वर्षांची. आदल्याच आठवड्यात तुम्ही शाळेच्या फाटकात सिस्टरला टाच आपटून सलाम ठोकला होता, आणि वर्गातल्या मुली तीन दिवस मला बघितलं की टाचा आपटत होत्या. तो राग मनात होता, आणि बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवत होती. मी साहेबाचा बगीचा वाचला, त्याचा दुखरा गुडघा वाचला, बायको वारल्याचं वाचलं. "बस, एवढंच." तुम्ही कागद हातात घेतलात आणि शेवटच्या परिच्छेदातल्या एका शब्दावर बोट ठेवलंत. ब्रह्मदेशातल्या त्या नदीचं नाव. तेवढं तुम्हाला वाचता येत होतं. "हे काय लिहून राहिला मंग साहेब?" मी म्हटलं, "काही नाही बाबा. तिथे आता नवा पूल झाला म्हणे."

पूल नव्हता, बाबा. साहेबाने लिहिलं होतं की गाडी तुम्ही चालवत होता, पण नदीकाठच्या माणसांना सोडून ती हाकायचा हुकूम त्याचा होता. थांबू या, असं तुम्ही दोनदा म्हणाला होतात. मागे राहिलेल्या माणसांचा भार त्याच्या माथ्यावर आहे, तुमच्या नाही. मी ते वाचलं होतं, पण त्यात काय आहे ते मला कळलं नव्हतं. कळलं ते तुमच्या शेवटच्या आजारपणात. तापात तुम्ही एकच बोलत होता, "ते हात करून राहिले. हात करून राहिले." पत्र तेव्हापासून माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात होतं, दोन हातांवर. ते काढलं असतं तर मी खोटं बोलले होते हेही सांगावं लागलं असतं. मी तुमच्या कपाळावरची पट्टी बदलत बसले.

आता माझ्या लेकीचा मुलगा, विलायतेतच जन्मलेला, त्याच इंग्रजांच्या फौजेत आहे. तुमच्या वेळी साहेबांचं जेवण वेगळं, तुमचं वेगळं, आणि पिकल्या मिशांच्या सुभेदारानेही काल आलेल्या गोऱ्या पोराला सलाम करायचा. याच्यावर हुकूम चालवणारी एक बाई आहे. खोलीत एक फिजीचा, एक घानाचा. अधिकारी रांगेत शेवटी जेवण घेतात, आणि मनाचं काही दुखलं तर ऐकायला माणूस नेमलेला असतो. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "मस्करी करून राहिली का?"

गेल्या महिन्यात तो कुठूनसा परत आला. कुठून, ते सांगत नाही. मी समता कॉलोनीतल्या माझ्या घरी, तो फोनच्या पडद्यावर, मांडीत बूट, बोटाला ओला कापूस. छोटे छोटे गोल. "क्या हुआ था वहाँ, बेटा?" "कुछ नहीं, नानी." "तिथे बोलायला माणूस आहे ना रे?" "है ना. सबके लिए है." आणि त्याने बूट उलटा केला, तळ बघितला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मग त्याने विचारलं, "नानी, परनाना का ब्रश अभी भी है क्या?"

आहे. लेक दिवाळीला इकडे येईल, परत जाताना तिच्याबरोबर तुमचा ब्रश पाठवीन. तामचिनीचा मग, ज्याच्या बुडाला तुमचा फौजेतला नंबर कोरलाय, तो लेकीला. बूट कुणालाच नाहीत, ते माझ्याबरोबर जातील. साहेबाचं पत्र नातवाला, अख्खं. कुणी हुकूम दिला आणि कोण थांबू या म्हणालं, हे त्याला आत्ताच कळायला हवं, मी जिवंत असताना, आणि त्याने मला "कुछ नहीं" म्हणायचं सोडायला हवं.

हे माझं पत्र मात्र ब्रशच्या खोक्यात तळाशी राहील. आज दुपारी साहेबाचं पत्र काढून तुमच्या फोटोसमोर मोठ्याने वाचायला घेतलं होतं. बगीचा वाचला, गुडघा वाचला, बायको वारल्याचं वाचलं. आणि बाबा, मी परत तिथेच थांबले.