दशमीला कुठं यायचं

नाना, पितृपंधरवड्यात या शहरात अजूनही कुणी घर बदलत नाही. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, शहराचं नाव बदललं, हे तेवढं तसंच आहे. या दिवसांत तुमचा टेम्पो उस्मानपुऱ्यातल्या आपल्या खोल्यांपुढं उभा असायचा आणि तुम्ही हौद्यात चटई टाकून पेपर वाचत पडायचात. एरवी लोकांची कपाटं आणि पलंग तुमच्या पाठीवरून जिने चढायचे, आणि या पंधरा दिवसांत आई तुम्हाला दळण आणायला पाठवायची. मला ते दिवस आवडायचे, कारण बाप दिवसाउजेडी घरात दिसायचा.

एक दिवस चांगलाच आठवतो. मी कॉलेजात होते आणि शहाणपणा उतू चालला होता. बदली होऊन आलेलं एक जोडपं दारात उभं होतं, त्यांना त्याच दिवशी सामान न्यायचं होतं, तिप्पट भाडं द्यायला तयार होते, पण बरोबर आलेली सासू तोंड पाडून बाजूला उभी होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलं आणि नाही म्हणालात. ते गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. अंधश्रद्धा, मागासलेपण, जे जे शब्द नुकतेच शिकले होते ते सगळे वापरले. तुम्ही पेपर घडी करून ठेवलात. म्हणालात, "माझा कशाचा इस्वास गं? म्हातारीचा हाय. उद्या त्या घरात पोराला ताप आला तर ती म्हणंल, टेम्पोवाल्यानं आणलं. अन् तू लोकायच्या घरचं बोलती कशाला, आधी स्वतःचं ताट उचल." ताट खरंच तसंच पडलेलं होतं. मी ते उचललं, पण आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. त्याच पंधरवड्यात तुम्ही गादीवाल्या चाचांचं अख्खं घर आपल्या मागच्या गल्लीत हलवून आणलंत आणि भाडं अर्धंच घेतलंत. त्यांना पितरांची अडचण नव्हती आणि तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही दोघंही खूश होतात.

आता माझं काम सांगते. तुम्ही गेल्यावर मी महापालिकेत कंत्राटी लागले. ज्यांचं घर रुंदीकरणात जातं आणि ज्यांना दुसरा निवारा नाही, त्यांना नवीन घर मिळेपर्यंत भाड्यासाठी मदत मिळते. पैसे थेट घरमालकाच्या खात्यावर जातात. खोली शोधायची, मालकाला राजी करायचं, कुटुंब तिथं खरोखर राहायला आलं हे जाऊन पाहायचं, हे माझ्याकडं. म्हणजे तुम्ही सामान हलवायचात आणि मी माणसं हलवते, वजन साधारण सारखंच. मालकांना राजी करणं सगळ्यात अवघड. सरकारी पैशाला ते आपल्या नळाच्या पाण्याची उपमा देतात, आलं तर आलं. मी चहा पीत बसते, हसते, पुन्हा जाते.

या वर्षी पडेगावच्या बाजूला एक आजी माझ्या वाट्याला आली. घरात ती, सून आणि दोन नाती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सून वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, सगळंच्या सगळं रस्त्यात जाणारं. त्यांना खोली मिळता मिळेना. एकाला मुली नको होत्या, एकाला जात विचारायची होती, एकाला म्हातारं माणूस नको होतं, घरात काही बरंवाईट झालं तर म्हणून. शेवटी मी गादीवाल्या चाचांकडं गेले. त्यांची वरची खोली रिकामी होती. त्यांनी माझं काम नीट ऐकूनही घेतलं नाही, तुमची मुलगी आहे एवढं पुरलं. मी खुशीत कार्यालयात आले, कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पितृपंधरवडा लागला होता आणि घरं पाडायचं मशीन त्याच आठवड्यात येणार होतं.

आजीनं भांडण केलं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, "रस्ता झालाच पायजे बाई, लोकायला जायला-यायला. पण ह्या दिवसात नव्या घरात पाय टाकत नसतेत." मी कार्यालयातला आवाज काढला. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुम्ही त्या खोलीत राहताना दिसला नाहीत तर खोली पुढच्या कुटुंबाला जाईल, ते समाजमंदिरात चटया टाकून राहताहेत, मग तुम्ही या पोरींना घेऊन कुठं जाल, असं सगळं. सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला खुणेनं सांगितलं, ताई, पटवा काहीतरी करून. मग आजी खालच्या आवाजात म्हणाली, "दशमीला ह्यांचं पान असतंय. दरसाल ह्याच दारात ठिवते. ते येतेल अन् हितं बघतेल तर माती. मग कुठं जातेल ते?"

 पितर-बितर काही नसतं, हे वाक्य जिभेवर होतं, आणि नेमकं तेव्हाच ते उष्टं ताट आठवलं. मी ते वाक्य गिळलं आणि पोत्यावरून उठले. साहेबांकडं जाऊन अमावास्येपर्यंतची मुदत मागितली. ते बरे आहेत, पण म्हणाले, एकीला पंधरवडा दिला तर सगळी गल्लीच पंधरवडा मागेल, आणि समाजमंदिरातल्यांनी काय करायचं? 

निदान खोली बघा तरी, म्हणून मी आजीला आणि सुनेला रिक्षात घालून उस्मानपुऱ्यात आणलं. आजी जिना चढली आणि उंबऱ्याबाहेर शेवटच्या पायरीवर बसून राहिली. सून आत जाऊन नळ सोडून बघत होती, खिडकी उघडत होती, भांडी कुठं लावायची ते ठरवत होती. तिचा फुललेला चेहरा मला बघवेना. चाचा खालून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि अम्मा बाहेर का बसल्यात म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते दोन पायऱ्या खाली बसले आणि आजीला म्हणाले, "तो उनकू पता बोल के आओ ना अम्मा. मेरे वालिद गुजरे, बाद में मैं ये मकान लिया. कब्रस्तान जा के बोल के आया मैं, अब्बा, अब हम उस्मानपुरे में रहते. बोले बगैर उनकू कैसा समझता?"

आजीनं त्यांच्या हातातला तांब्या घेतला. मग पाणी प्यायली. उठताना जिन्याच्या भिंतीला हात लावून म्हणाली, घट बसल्यावर दूध उतू घालीन, तवर मी हितं पाहुणी. चाचा म्हणाले, हौ, पाहुणेच. माझ्या कागदावर पाहुण्यांचा रकाना नाही. मी ते पुढचं पुढं बघू म्हटलं.

मशीन आलं त्या सकाळी सामान टेम्पोत चढलं होतं. मुलींना पुढं बसवलं होतं. आजी एकटी परत दाराशी गेली आणि आत तोंड करून उभी राहिली. मशीनवाल्याला घाई होती, त्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं, त्यामुळं तिला ओरडून बोलावं लागलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "अहो, ऐकलं का? आता हितं येऊ नका. हितून रस्ता जाणार हाय. उस्मानपुऱ्यात या. गादीवाल्याचं घर, वरचा मजला. जिना अंधारा हाय, जपून चढा. दशमीला कढी हाय." कुणी हसलं नाही. शेजारची एक बाई पुढं झाली, आपल्या दाराशी गेली आणि तीही काहीतरी पुटपुटली. मी टेम्पोच्या मागं जाऊन रडले. दोरी तपासतेय असं दाखवलं.

दशमीला मी पाहणीला गेले. गॅसवर कढी होती, वडे तळून झाले होते, मुली नव्या भिंतीला टेकून अभ्यास करत होत्या. मी 'कुटुंब राहत आहे' असं लिहिलं आणि जेवायला बसले. कावळा आला का, हे मी विचारलं नाही. निघताना आजीनंच जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, आले होते.

तुमचं पान गावाकडं फुलंब्रीला माझा भाऊ ठेवतो, ते तुम्हाला मिळत असेल. मी जात असते कधी कधी. पण तुम्ही माझ्या स्वप्नात येता ते उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांतच. दारात उभे राहता, आणि आत कुणी दुसरंच राहत असतं. आईला घेऊन मी तिथून निघाले त्याला इतकी वर्षं झाली, या फ्लॅटमध्ये तुम्ही एकदाही आला नाहीत. आई असताना ती म्हणायची, मला दिसत नाहीत गं ते हल्ली. आम्हा दोघींना वाटायचं, आपणच विसरत चाललो.

आजीनं गल्लीदेखत सांगितलं. मी काल दुपारी घरात कुणी नसताना दाराशी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि शेजारीण ऐकेल म्हणून मिटलं. ते मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून लिहिलं. हा कागद कुठं टाकायचा नाही, घरातच राहील. नाना, आम्ही आता तिथं राहत नाही.