प्रागची पावलं आणि गिरडचा रस्ता

नालवाडी, वर्धा
४ जानेवारी

श्रीयुत योगेंद्ररावांना थोरल्या साडूचा, म्हणजे कृष्णकांतचा, नालवाडीहून सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्ही आणि प्रेरणा पुण्याला सुखरूप पोचल्याचं कळलं. प्रकृती कशी आहे? विशेषतः गुडघे? एवढ्या थंडीत दगडी रस्त्यांवरून रोज पायी हिंडल्यावर माणसाचे गुडघे धरतात, असं मी ऐकून आहे. तुमचे धरले नसतील तर आनंदच आहे. (धरले असतील तर मोकळेपणानं कळवा, लपवू नका.) हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितो आहे, कारण घरातला मोबाइल बहुतेक वेळ सौ. मीराच्या हातात असतो, आणि 'माहेर' नावाच्या त्या ग्रुपवर एक ओळ लिहिली की सासूबाईंपासून सगळे वाचतात.

आता मुद्द्यावर येतो. नाताळच्या सुटीतले तुमचे आठ दिवस आम्ही इथे सोसले. सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा, तोच तुमचा फोटो: प्राग, दगडी पूल, मागे टेकडीवरचा किल्ला, आणि खाली 'आजची पावलं एकवीस हजार नऊशे'. टॅक्सी नाही, ट्राम नाही, अख्खं शहर पायी पाहिलं म्हणे. योगेंद्रराव, खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. तुम्ही विमानानं गेलात याचं काही वाटलं नाही. विमानात कोणीही बसतं. पण चालणं ही माझी गोष्ट होती. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात लिपिक असताना एकतीस वर्षं मी नालवाडीहून रोज पायी गेलो आणि पायी आलो, कोणी शाबास म्हटलं नाही. तुमच्या एका पुलाला मात्र चौदा अंगठे, आणि प्रमिलाबाईंचे (सासूबाई असून त्यांनी मला कधी नुसती मानही डोलावली नाही) जोडलेले हात.

तेव्हा मी गिरड ठरवलं. टेकडी आहे, टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, म्हणजे तुमच्या किल्ल्याला जोड झाली. बसनं निघायचं, गिरडच्या सात-आठ किलोमीटर अलीकडे उतरायचं आणि उरलेलं पायी. फोटो तुमच्या तोडीचा हवा म्हणून लग्नातला कोट, मफलर आणि कानटोपी असा जामानिमा केला. (डिसेंबर असला तरी आपल्याकडे अकरा वाजता ऊन चांगलं तापतं, हे मला अकरा वाजता आठवलं.) मीराच्या खांद्याला पिशवी: भाकरी, ठेचा, संत्री, पाणी. मोबाइल माझ्या खिशात, कारण पावलं मोजायची होती.

निघालो. तुम्हाला तिकडे गाइड मिळाला होता, इथे गाइड मीच. पुढे चालता चालता माहिती सांगत होतो: डावीकडे कपाशी, वेचणी चालू आहे, उजवीकडे तूर, यंदा बरी दिसते. मागून बरोबर 'हूं, हूं' येत होतं. एवढं लक्ष देऊन मीरानं माझं आजवर कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला चेव आला आणि मी तुरीवरून तुमच्यावर घसरलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. अर्ध्या तासानं पाणी मागायला वळलो, तर मागे मीरा नव्हती. दोन शेळ्या होत्या आणि चिंधू नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते.

"बाई तं मांगंच पुलावर बसल्या जी," ते म्हणाले. "तुम्ही एकटेच बोलून राह्यले होते, मंग मी आलो संगं."

शिवाय, तुमचा साडू इतका वाईट माणूस आहे तर त्याला दिवाळीला बोलावता कशाला, असंही त्यांनी मनापासून विचारलं. मी पाणी न पिताच मागे फिरलो.

दोन किलोमीटर उलटा आलो. मीरा पुलाच्या कठड्यावर बसली होती, शेजारी कपाशी वेचायला आलेल्या भागीरथाबाई, आणि दोघींनी संत्री संपवत आणली होती. मी तापलेलो होतो (कोटामुळेही). म्हटलं, हाक मारता येत नव्हती का?

"तीनदा मारली," ती म्हणाली. "तुम्ही कधी मांगं पाह्यता? मले प्राग नाई पायजे. चौतीस वर्षं झाले, तुमची पाठच पाहून राह्यली मी. त्या फोटोत प्रेरणा बाजूनं चालून राह्यली."

मग तिनं माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि तुमचा पुलावरचा फोटो माझ्यासमोर धरला. तो मी वीस वेळा पाहिला होता. किल्ला पाहिला, आकडा पाहिला, अंगठे मोजले. तुम्हा दोघांना पाहिलंच नव्हतं. तुम्ही तिच्याकडे वळून काहीतरी सांगता आहात आणि प्रेरणा हसते आहे. योगेंद्रराव, किल्ल्याचा हेवा मी हौसेनं करत होतो. हा मात्र खरा झोंबला. आमच्या घरात बाबा पुढे आणि आई चार पावलं मागे, तसेच आम्ही. रस्ता दोघांना पुरेल इतका रुंद असतो, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पुढचं अंतर आम्ही बरोबरीनं चाललो. सोपं नाही हो ते. माझी टांग लांब, तिची चाल संथ, कोपराला कोपर लागतं. ट्रक आला की एकानं मागे व्हावं लागतं आणि सवयीनं तीच होते. एकदा मी झालो. टेकडी चढलो, दर्ग्यात डोकं टेकवलं, आणि खाली उतरल्यावर लक्षात आलं की फोटो राहिलाच. कोट पिशवीत होता आणि पिशवी माझ्या खांद्यावर.

असो. सौ. प्रेरणाला आशीर्वाद. गुडघे जपा.

तुमचा,
कृष्णकांत

ता. क. त्या दिवशीची पावलं तेवीस हजार चारशे बारा भरली. ग्रुपवर टाकलेली नाहीत, मिरवण्याचा माझा स्वभाव नाही. तुम्हाला फक्त माहीत असावं. (पुलानंतर मोबाइल मीराच्या हातात होता, तेव्हा ती पावलं तिची धरावीत. तरी बेरीज तुमच्यापेक्षा जास्तच आहे.)

आणखी एक ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहूनच गेलं. एकवीस हजार पावलं बाजूबाजूनं चालताना तुम्ही बोलता काय? गिरडहून आल्यापासून आम्ही रोज संध्याकाळी नालवाडीच्या रस्त्यानं फिरायला जातो. पहिल्या दिवशी तुरीच्या डाळीवर बोललो, दुसऱ्या दिवशी तुमच्या गुडघ्यांवर. आता माझ्याजवळचं संपलं. पाच-सहा विषय लिहून पाठवा, कागदावरच, आणि जरा घाई करा. पाच वाजले की ती चप्पल घालून दारात उभी असते, आणि मी आतल्या खोलीत मफलर शोधल्यासारखं करत असतो.