साठ नव्हे, पंधरा

ती. बाबा आणि आई, नमस्कार.

१. गेल्या महिन्यात मी फोनवर सांगितलं की धाकटीला दहापैकी एका तरी विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता साठ टक्के आहे.
२. ते चुकलं. प्रत्येक ठिकाणी शक्यता नऊ टक्के होती आणि मी दहा अर्ज म्हणजे दहा वेगळ्या सोडती धरल्या.
३. पण सगळे तेच गुण आणि तोच निबंध वाचतात. एक ज्या कारणाने नाकारेल, त्याच कारणाने बाकीचेही नाकारतील. खरा आकडा पंधरा.

ऑफिसात मी हेच काम करते. परक्यांच्या मुलांच्या बाबतीत ही चूक होत नाही.

धाकटी तेव्हा म्हणाली होती, "ताई, साठ म्हणजे फर्स्ट क्लास की!" मी हसले होते.

माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर होतं, झोपेचं बघते आहे. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, माझ्या आकड्यावर विसंबून तुम्ही वीस तारखेला घराजवळच्या कॉलेजातली तिची जागा सोडणार आहात. सोडू नका. फोन ती स्पीकरवर टाकते, म्हणून लिहिते आहे. तिला मीच सांगेन.

जागा ठेवली की नाही, ते अठरा तारखेपर्यंत कळवा.

तुमची,
थोरली