आमची वस्ती चार वेळा बुडाली

प्रिय भिंगरी,

पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: खेळायचं यंत्र एक, हातात धरायचे रिमोट दोन, वायरींचं भेंडोळं एक आणि तुझं पत्र. पाठवणीचा खर्च तूच भरला होतास. आमच्याकडून टीव्हीवाल्याला जोडणीचे दीडशे गेले. दोनशे मागत होता. मी म्हटलं, दोन वायरी खोचायला दोनशे, तर बल्ब बदलायला घर लिहून घेशील. खोक्याचा पुठ्ठा चांगला जाड आहे, तो कापून डब्यांखाली घातला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बँकवाले तुला जुन्या जागेवर परत घ्यायला तयार आहेत, महिनाअखेर उत्तर द्यायचंय, आणि तू लिहितेस, आई, मी बनवलेला हा खेळ खेळून बघ आणि खरं सांग, भिकार असेल तर भिकार म्हण, मी मुकाट्याने बँकेत जाते. अगं, मी मॅट्रिक झालेली बाई. मला वांगी पारखायला सांग, एक किडकं निघणार नाही. पण विचारलंस, तर सांगणं भाग आहे. तू बँक सोडलीस तेव्हापासून बाबा तुझ्याशी थेट बोललेले नाहीत. फोन आला की माझ्या शेजारी बसून, तिला सांग थंडी पडलीय, तिला विचार जेवली का. मी म्हणजे जसं काही टेलिफोनचं ऑफिस. एकट्या माझ्या नावाने आलेल्या पार्सलात रिमोट दोन का, ते मला कळलं. दुसरा टेबलावर त्यांच्या पेपरशेजारी ठेवला आणि देवाचं नाव घेऊन एकटीच बसले.

पडद्यावर चारी बाजूंना धुकं, मधे एवढीशी वस्ती आणि एक कोठार. माणसं पाठवली की धुकं हटतं आणि खाली नदी, रान, टेकडी जे असेल ते दिसतं. पण फिरायला गेलेली माणसं शिधा खातात. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी कुणाला बाहेर सोडलंच नाही. आधी प्रार्थनाघर बांधलं, मग कोठार वाढवलं, आणि हिवाळा यायचा म्हणून सगळ्यांना अर्धपोटी ठेवलं. हिवाळा आला तेव्हा कोठार तुडुंब आणि वस्तीत चिटपाखरू नाही. सगळे बिऱ्हाड उचलून चालते झाले होते. मागे पेपर वाचणारे बाबा खो खो हसले. म्हणाले, तुझ्या राज्यात राहायचं म्हणजे पोटाला चिमटा, टिकलो तो मी एकटाच.

मी म्हटलं, मग तुम्ही करून दाखवा राज्य. झालं, रिमोट उचलला. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तो. समोर नदी दिसतेय, पलीकडे जंगल दिसतंय, तर म्हणे आधी हद्द चालून घेऊ. नकाशाच्या कडेकडेने निघाले. मी आपली सांगतेय, अहो, शिधा संपत आलाय, वळा मागे. तर हद्द कळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नसतं, हे मलाच शिकवलं. पूर्वेच्या कोपऱ्यात सगळी तुकडी उपाशी मेली. मी नुसता चष्मा पुसत बसले. म्हणाले, तोंड बघतेस काय, पुन्हा लाव.

पुन्हा लावला, पुन्हा बुडालो. एकदा पुरात आणि एकदा आमच्या भांडणात, कारण दोघांनी एकाच लाकडाचे दोन पूल मांडले. मग मात्र वाटणी झाली. कोठार माझं, वाटा त्यांच्या. किती दिवसांचा शिधा द्यायचा ते मी ठरवणार, आणि तो निम्मा झाला की त्यांनी मुकाट मागे फिरायचं. आता आमची वस्ती नदीपलीकडे पोचली आहे आणि पोरंबाळं धरून सगळे पोटभर जेवतात.

तर गुण सांगते. धुकं हटतं तेव्हा फार आनंद होतो गं. या वयात नवं काही दिसेल असं मला वाटलं नव्हतं. दुसरं, चुकलं तर पुन्हा मांडता येतं, त्यामुळे चुकायची भीती जाते. आणि उद्याचा विचार आज करावा लागतो. तो मी घरात आयुष्यभर केला, पण त्याला कुणी डोकं म्हटलं नव्हतं.

दोषही आहेत, ते लपवणार नाही. अक्षरं मुंगीएवढी आहेत. तुझी सगळी माणसं एका साच्यातली. कोण मेलं ते कळत नाही, म्हणून वाईटही वाटत नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही. खेळाला थांब नाही, "आता एवढंच" म्हणता म्हणता दूध उतू जातं. प्रार्थनाघराचा वस्तीला काडीचा उपयोग नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पलीकडची वस्ती दुष्काळात सापडली, माझं कोठार भरलेलं, तर तू बटणं दिलीस दोनच: व्यापार कर नाहीतर चाल करून जा. नुसतं द्यायचं बटण कुठाय? मी कितीतरी वेळ शोधलं. चाल करून गेलं की लवकर जिंकता येतं, हे माझ्याही लक्षात आलं. पण असं जिंकायला मी तुला शिकवलं नव्हतं. ते बटण घाल.

परवा शेजारच्या काकू आल्या. नातू खेळापायी जेवत नाही म्हणून वैतागलेल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, तुमची पोरगी हेच बनवते ना, चांगली बँक सोडून? पोरांना वेड लावायचा धंदा. मी तोंड उघडणार, तोच बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, वेड लागतं हे खरं आहे काकू, कालच आमचं दूध उतू गेलं. पण याला डोकं लागतं. आम्ही चार वेळा बुडालो तेव्हा कुठे नदी ओलांडली. आमच्या मुलीने केलाय हा. बसा, तुम्हाला पलीकडचं रान दाखवतो. काकू बसल्या आणि त्यांचा चहा गार झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत राहिले. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दाखवायचं नव्हतं.

आता हे पत्र का, ते. मी फोनच करणार होते. बाबा म्हणाले, नको, फोनवर मला धड बोलता येत नाही, तू लिही. काय लिहू विचारलं, तर म्हणाले, बँकेला इतक्यात उत्तर देऊ नको म्हणावं. खिडकीपाशी जाऊन आले आणि म्हणाले, नको, असं लिही की बँकेला सरळ नाही कळव. आणि मग बाहेर पडले, ते वीस तारखेच्या गाडीची दोन तिकिटं काढूनच परतले. म्हणतात, पुढचं मी तिच्याशी समोरासमोर बोलेन, तू मधे पडू नकोस. मी कशाला पडतेय? तेव्हा तुझ्या खोलीत आमच्या दोघांपुरतं अंथरूण आहे, की इथून वळकटी बांधून आणू, ते उलटटपाली कळव.

तुझीच,
आई