नानांनी मला माहेरी धाडलं नाही

असोदा,
ता. २ मार्च १९६०

प्रिय चुडामण,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. आजवर घरून गेलेली सगळी पत्रं नानांच्या हातची, शेवटी 'तुझी माय आशीर्वाद सांगते' एवढंच माझं. मला लिहिता येतं हे तुला ठाऊकच नाही. काना-मात्रा चुकेल, तू मास्तर आहेस, तांबड्या शाईने खुणा करू नको म्हणजे झालं. दोन दिवस झाले लिहिते आहे. नाना सकाळी मळ्यात गेले की बसते. केळीचे घड कापणीला आलेत, यंदा घड भारी आहेत, एकट्या माणसाला उचलवत नाही. शेजारच्या शेवंताबाईची म्हैस व्याली, खरवस पाठवला होता. तुझी आठवण काढून खाल्ला.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. तू धुळ्याच्या बोर्डिंगात गेलास त्या सालची गोष्ट. कपाशीची वेचणी चालली होती. मला दोन महिन्यांपासून खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं, पण वेचणीच्या दिवसांत कोण लक्ष देतो. एके दिवशी वेचता वेचता ढास लागली आणि ओटीतल्या पांढऱ्या कापसावर रक्त पडलं. मी तेवढा कापूस मातीत पुरला. नानांनी पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला जळगावला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. क्षय. नवीन इंजेक्शन निघालं आहे, रोज टोचावं लागेल, वर्षभर तरी अंथरुणातून उठायचं नाही, भांडी वेगळी, आणि पोराला जवळ येऊ द्यायचं नाही.

तेव्हा आपल्याकडे रीत होती आणि अजूनही आहे. बाईला असलं काही झालं की तिला माहेरी पोचवायचं. बरी झाली तर परत आणायची, नाही झाली तर तिथूनच निरोप यायचा. तुझी आजी वाईट नव्हती रे, पण घाबरली होती. तिने पहूरला माझ्या माहेरी निरोप धाडला आणि तुझा भाईदासमामा गाडी घेऊन आला. माझी वळकटी गाडीत ठेवली, मी डोक्यावर पदर घेऊन ओट्यावरून उतरले. आळीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या, जवळ कोणी आलं नाही. नाना तेवढ्यात बैलांना पाणी पाजून आले. त्यांनी काही न विचारता वळकटी उचलून खाली ठेवली. आजी म्हणाली, "जीवराम, असं काय करतो? तिले तिच्या मायजवळ आराम भेटीन." तेव्हा नाना म्हणाले, "आराम भेटत असीन तर मी बी जातो संगं. नही तर ती बी जात नही." सगळ्या आळीसमोर म्हणाले. माणूस कसा आहे तुला माहीत आहे, चार शब्द बोलायला चार दिवस लावतो.

घरात आजीला नको होतं, म्हणून त्यांनी मळ्यात विहिरीजवळ झोपडी उभारली. वाळल्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या भिंती, वर पाचट, दोन बाजू उघड्या. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती ना. तिथे आम्ही दोघं सव्वा वर्ष राहिलो. स्वयंपाक नाना करायचे. पहिल्या आठवड्यात भाकरी तव्यावर टाकताना हातातच तुटायच्या. मी अंथरुणातून सांगायची, पीठ अजून मळा, पाणी कढत घ्या. पुढे पुढे अशी भाकरी करायला लागले की माझीही तशी फुगत नाही. विहिरीवर माझी लुगडी धुवायचे. वाटेने जाणारे लोक हसायचे. गावात त्यांना 'जीवरामबाई' नाव पडलं होतं. एकदा पारावर कोणीतरी तोंडावर म्हटलं. नाना म्हणाले, "हो, आन् आज खिचडी चांगली झाली, ये खायाले." त्यानंतर त्या माणसाने ते नाव घेतलं नाही.

सुई टोचायला जळगावहून कंपाउंडर यायचा. मळ्याच्या वाटेवर चिखल झाला तेव्हा त्याने येणं सोडलं. नानांनी डॉक्टरांकडून सुई टोचायचं शिकून घेतलं. झोपडीत येऊन भरताच्या वांग्यावर हात बसवत होते. आपल्या मळ्यातली ती मोठी हिरवी वांगी, एकेका वांग्याला वीस वीस भोकं पाडलेली. आठ दिवस तेच. मग माझी पाळी आली तेव्हा सुई उकळून, हात धुऊन माझ्याजवळ बसले आणि तीनदा सुई जवळ नेऊन तीनदा मागे घेतली. मी म्हटलं, "अहो, वांगं समजा." ते हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यात सुई कधी गेली मला कळलं नाही. पुढे आठ महिने रोज त्यांनी टोचलं. एकदाही गाठ आली नाही.

सगळं असं हसण्यातच गेलं असं समजू नको. मधल्या उन्हाळ्यात ताप हटेना. हाडं मोजून घ्यावीत अशी झाले होते. त्याच दिवसांत आजीने नानांसाठी दुसरी मुलगी पाहिली. मला कळलं तेव्हा मला रागसुद्धा आला नाही. वाटलं, बरोबरच आहे, मळा आहे, पोर आहे, घराला बाई पाहिजे. मी स्वतःच नानांना म्हटलं, "करून घ्या. मी मनापासून सांगते." ते माझ्यासाठी केळं सोलत होते. केळं तसंच ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, "मले झाला असता तं तू कोणाले आणलं असतं?" ते उठून मोटेवर गेले आणि मी ते केळं सगळं खाल्लं. जेवणाची इच्छा त्या दिवसापासून परत आली, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, इंजेक्शनचा गुण आहे. असेल.

पडून पडून जीव कंटाळायचा म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. स्वतः चौथी शिकलेले, जेवढं येत होतं तेवढं सगळं दिलं. मी पहिलं नाव तुझं लिहिलं.

दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि आत बोलावून सांगितलं, बाई, घरी जा. आजीने मला पाट मांडून स्वतः वाढलं. म्हणाली, "जेव माय. मी भ्याले व्हते." तेवढंच म्हणाली, पण माझ्याच ताटात हात घालून घास घेतला.

तुला मात्र आम्ही काहीच कळू दिलं नाही. दोन दिवाळ्या तुला पहूरला मामाकडे काढायला लावल्या, घरी येऊ दिलं नाही. मायला ताप आहे एवढंच लिहिलं. तू मनात धरलंस. तुझ्या लग्नात तू कोणाला तरी सांगत होतास, आमच्या नानांना माझी कधी ओढच नव्हती. मी ऐकलं, नानांनीही ऐकलं. मी बोलणार होते, त्यांनी नको म्हणून मान हलवली.

शनिवारी तुझं पत्र आलं. सूनबाईच्या, प्रमिलाच्या, छातीच्या फोटोत डाग निघाला आहे आणि सात तारखेला, सोमवारी तिला धरणगावला तिच्या वडिलांकडे पोचवणार आहेस, म्हणून लिहिलंस. नानांनी वाचून दाखवलं आणि उठून मळ्यात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, त्याला काही लिहा. म्हणाले, "तो शिकेल-सवरेल माणूस, मी काय सांगू त्याले?" म्हणून मी सांगते. तुझं लग्न ठरलं तेव्हा नानांनी अभिमन पाटलांना, तुझ्या सासऱ्यांना, एका बाजूला नेऊन माझ्या दुखण्याचं सगळं सांगितलं होतं. लपवून मुलगी आणणार नाही म्हणाले. मला वाटलं, आता सोयरीक मोडली. तर अभिमन पाटील म्हणाले, "ज्या घरातून आजारी बाई परत धाडत नाहीत, त्या घरात माझी पोर मी डोळे मिटून देतो." त्या भरवशावर प्रमिला तुझ्या घरात आली आहे. तुला भीती वाटते, वाटू दे. नानांनाही वाटत होती, सव्वा वर्ष त्यांच्याशेजारी मी काढलं आहे, मला माहीत आहे. आता तर गोळ्याही निघाल्या आहेत म्हणतात. मी तुला हुकूम करत नाही, पण आम्ही दोघं रविवारच्या गाडीने चाळीसगाववरून धुळ्याला तुझ्या घरी येतो आहोत, राहायच्या तयारीने. नाना उतरल्यावर तुला काही बोलणार नाहीत, त्यांना बोलता येत नाही. तू त्यांना चहापाणी विचारत बसू नको. आधी प्रमिलाच्या खाटेजवळ ने, आणि ते काय करतात ते शेजारी उभं राहून पाहा.

तुझीच,
माय