आत्याविना बारसं

ती. रुक्माअक्का,

सविनय जयभीम. दाजींनाही जयभीम. गुडघ्यांना तेल लावतेस ना? इकडे चोपड्यात माझी तब्येत उत्तम आहे, उजव्या पायाचा अंगठा तेवढा सोडून. त्याची हकीकत पुढे येईलच. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. (दाजी उचलतात आणि 'अक्का शेतात गेली' म्हणतात, पण काय म्हणायचं ते मागून तूच त्यांना सांगत असतेस, ते स्वच्छ ऐकू येतं.) तुझा राग रास्त आहे. आपला भाऊ लग्नाआधीच बाप झाला, हे शिंदखेड्याच्या बाजारात भाजी घेताना दुसऱ्याच्या तोंडून कळावं, याहून मोठ्या बहिणीचा अपमान तो कोणता? असो. पत्राला कारण विशेष नाही, सहज लिहितोय.

सविताला मात्र बोल लावू नकोस. तिला लग्न नको होतं, माझ्याशी तर नकोच होतं. (हे तिने इतक्या मायेने सांगितलं, की मला नीट वाईटही वाटून घेता आलं नाही.) धुळ्याला बाळंत झाली आणि मुलगी जळगावच्या एका संस्थेत सोपवून आली. लग्नाशिवायचं लेकरू सोपवायला एकट्या आईची सही चालते, बापाला विचारावं लागत नाही. मला कळलं तेव्हा मी बागेत केळीचा घड खांद्यावर घेऊन उभा होतो. तो घेऊन तसाच किती वेळ उभा राहिलो कोण जाणे, मुकादम खेकसला तेव्हा खाली ठेवला. चिकाने डागाळलेल्या त्याच शर्टाने एसटी पकडली आणि बालकल्याण समितीपुढे जाऊन म्हटलं, मुलगी दत्तक देऊ नका, मला द्या. ते म्हणाले, तुम्ही कोण? पुढे सविताने स्वतः येऊन सांगितलं की बाप हाच, आणि द्यायचीच तर यालाच द्या. रक्त तपासलं, तेही माझ्याच बाजूने बोललं. तरी साहेब म्हणतात, आईचा नियम स्पष्ट आहे, तुमचं काय करायचं ते बघावं लागेल. लहान मूल सांभाळायचा अनुभव विचारला. मी म्हणालो, केळीचा घड डाग न पडू देता ट्रकपर्यंत नेतो. सगळे हसले. मी काही हसवायला बोललो नव्हतो.

घर बघायला समितीच्या मॅडम येणार असं कळलं, तेव्हा शेजारच्या तानुबाईने ठरवलं की तयारी दिसली पाहिजे. कुठूनसा पाळणा आणला, बाया गोळा केल्या, घुगऱ्या शिजवल्या आणि पाळण्यात वरवंटा ठेवून बारशाची तालीम सुरू केली. (बाळाआधी वरवंट्याला झोके देतात, म्हणजे बाळ दणकट होतं म्हणे. आपण हे असलं मानत नाही हे मला ठाऊक आहे, पण ते तानुबाईला सांगायची छाती अख्ख्या गल्लीत कोणाची नाही.) वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीटसुद्धा लावली. नाव ठेवायची वेळ आली आणि तानुबाईने गाणं मध्येच थांबवलं. "आत्या कोठे शे? आत्याबिगर नाव नही ठेवतस!" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम दारात.

मॅडमनी पाळणा बघितला, कुंची बघितली आणि पांढऱ्याफटक पडल्या. मी संस्थेतून मुलगी पळवून आणली असंच त्यांना वाटलं. धावत पुढे आल्या, मानेखाली हात घालून अलगद उचलायला गेल्या आणि ते वजन काही त्यांना पेललं नाही. वरवंटा निसटला. मी पाय पुढे केला. अक्का, फरशी फुटेल म्हणून नाही केला. सकाळपासून झोके देत होतो, त्या घटकेला मला ती माझी पोरच वाटली. मॅडम कितीतरी वेळ माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि घुगऱ्या मागून घेतल्या. काय अहवाल देतील ते कळायला मार्ग नाही, पण जाताना पाळण्याला एक झोका देऊन गेल्या.

मुलगी मी एकदाच पाहिली, काचेतून. कपाळ तुझ्यासारखं आहे, आठ्यांसकट.

बाकी क्षेम. तुला कसलाही त्रास द्यायला हे लिहिलेलं नाही. दाजींना काळजी घ्यायला सांग.

तुझा धाकटा,
संघपाल

ता. क. : समितीने विचारलं, घरात बाईमाणूस कोण? मी तुझं नाव सांगून बसलो. न विचारता. येत्या मंगळवारी जळगावला तारीख आहे, आणि तू बरोबर असशील असंही सांगून बसलो.

ता. क. दुसरा : राहायचं नसेल तर राहू नकोस, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलूही नकोस. फक्त ये. मी कोण, ते अजून तिथे कोणाला नक्की सांगता येत नाही. तू नुसती दारात उभी राहून 'मी मुलीची आत्या' म्हण. मग मी कोण, हे कोणाला विचारावं लागणार नाही.