वारा तू घे

सर, काल शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचा जुना फोटो टाकला. माजिवड्याच्या नाक्यावर तुम्ही उभे आहात, गळ्यात शिट्टी, आणि तुमचा हात शर्यत जिंकलेल्या त्याच्या खांद्यावर. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. फोटोच्या अगदी कडेला एका सायकलचं नुसतं पुढचं चाक दिसतं. ते माझं. खाली भराभर जोडलेले हात आले, दिवे आले, ‘असे गुरू होणे नाही’ आले. मी काहीच टाकलं नाही. मग एकाने लिहिलं, ‘तू तर सरांचा लाडका, दोन ओळी लिही.’ तर लिहितो आहे. पण तिथे टाकण्यासारखं यात काही नाही.

लाडका! तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात आणि पीटीही घ्यायचात, कारण शाळेला दोन मास्तर परवडत नव्हते. पंधराव्या वर्षी मी संध्याकाळच्या खाडीवर एक कविता लिहून तुम्हाला दाखवली, तर तुम्ही ती वर्गात मोठ्याने वाचलीत आणि जिथे जिथे मात्रा चुकली तिथे पट्टी टेबलावर आपटलीत. मुलं हसली. खाडी कशी होती, ते तुम्ही विचारलंही नाहीत. आणि त्याच संध्याकाळी मैदानावर आम्हाला सायकलवर बसवून तुम्ही वृत्तं म्हणायला लावलीत. चढाला मंदाक्रांता, सपाटीला भुजंगप्रयात. लगागा, लगागा, लगागा, लगागा. तीन अक्षरं आणि दोन पाय, त्यामुळे लघु दर वेळी वेगळ्या पायावर येतो आणि एकच पाय दमत नाही, हा तुमचा शोध. मला वेड लागलं होतं त्याचं. झोपेतसुद्धा माझे पाय हलायचे, आई पांघरूण ओढून घ्यायची. इतकी सुंदर गोष्ट तुमच्यासारख्या माणसाच्या तोंडून यावी, याचा राग मला अजून आहे.

त्या शर्यतीचं तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगायचंय. कल्याणहून दुर्गाडीखालून निघायचं, कोनगाव, भिवंडी, कशेळीचा पूल आणि माजिवडा. नाक्यावर रेल्वेचे एक साहेब येणार होते, खेळाडू म्हणून एकाला नोकरीत घेणार होते. आमच्या घरी त्या एका नोकरीवर सगळं टेकलेलं होतं. बाबा डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करून खोकत घरी यायचे आणि म्हणायचे, “तू तिथे येऊ नकोस, बस्स.” कोनगावच्या पुढे आम्ही दोघं घोळक्यातून सुटलो, मी आणि तो. तोही आपल्याच शाळेचा, खाडीकाठच्या गावातला, बापाची होडी होती. थोडा वेळ तो पुढे, थोडा वेळ मी पुढे, जो मागे त्याला वारा लागत नाही. असं बदलत बदलत आम्ही भिवंडी ओलांडली. मागे वळून पाहिलं की रस्ता मोकळा. आयुष्यात इतका मोकळा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही.

आणि मी पाहतो, तुम्ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येताय. कशेळीचा पूल सुरू होतोय, समोरून खाडीचा वारा छातीवर हात ठेवल्यासारखा. तुम्ही शिट्टी फुंकता, माझ्याकडे बोट करता. “वारा तू घे. तो मागे बसेल.”

“आणि माझी पाळी संपल्यावर, सर?”

“तुझी पाळी संपत नाही. चल!”

मी घेतला वारा. पूल संपला, बाळकुम गेलं, मी घेतच होतो. लगागा, लगागा. नाका दिसला आणि तो माझ्या मागून निघाला, ताजातवाना, आणि अर्ध्या चाकाने पुढे गेला. साहेबांनी त्याचं नाव विचारलं. माझं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवत होतात, काकू ओट्याशी होत्या. मी दारातच उभा. विचारलं, “मीच का, सर?”

तुम्ही मान वर न करता म्हणालात, “तो पुढे असता तर पुलावर तुम्ही दोघंही घोळक्याला सापडला असतात. तो वारा त्याला पेलत नाही. तुला पेलतो. शाळेचा पहिला नंबर यायला हवा होता, आला.”

“मग शेवटी तरी मला पुढे जाऊ दे, असं तुम्ही त्याला सांगायचं होतं.”

तुमचा हात थांबला. तुम्ही खरोखर विचार केलात आणि म्हणालात, “अरे, ते माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि मूठभर खोबऱ्यावर साखर घालून माझ्या हातावर ठेवलंत. “खा.”

सर, त्याला नोकरीची जास्त गरज आहे, असं खोटं तरी सांगायचं होतंत. मी रडलो असतो आणि मानलं असतं. लक्षात आलं नाही! मी पुढे बाबांच्याच कंपनीत लागलो, स्टोअरमध्ये, निवृत्त होईपर्यंत त्याच वासात. तुम्ही नंतर कितीतरी वर्षं होतात. फडके रोडवर काठी टेकत येताना दिसलात की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. तुम्ही गेलात तेव्हाही आलो नाही. बायको म्हणाली, “अहो, मेलेल्या माणसावर कसला राग?” मी म्हटलं, जिवंतपणी वेळ मिळाला नाही.

गेल्या रविवारी आमची म्हाताऱ्या हौशी सायकलवाल्यांची शर्यत होती. मोठागावहून निघून माणकोलीच्या नव्या पुलावरून हायवेला. तोही आला होता. रेल्वेतून निवृत्त, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा, पण पाय तेच. आणि काय सांगू, पुलाच्या अलीकडे आम्ही दोघंच सुटलो. या वेळी मी ठरवूनच आलो होतो. त्याच्या मागच्या चाकाला चिकटलो आणि बसलो.

थोड्या वेळाने त्याने कोपर हलवलं. “ये ना रं पुढं.”

“नाही येत.”

“का रं? दमलास?”

“दमलो नाही. माजिवड्यापर्यंत तुला ओढत नेलं होतं, आठवतं? आता तू ओढ.”

“कंची शर्यत?” तो पॅडल मारता मारता विचारात पडला. “शालेची? ती व्हय! मना त्यातलं काय आठवत नाय रं. झेंडूनं शिंका आलेल्या, तेवढं आठवतं. आन् नोकरीत भुसावळला टाकलं, तिकडं मासळी मिलत नव्हती.”

मी ज्याच्यावर आयुष्यभर जळलो, त्याला मासळी मिळत नव्हती! मी आणखी घट्ट मागे बसलो. पुलावर चढलो तसा खाली खाडी पसरली, आणि वारा आला, तोच. त्याचे खांदे डुलायला लागले. मागे बोलण्याचे आवाज ऐकू येऊ लागले, घोळका जवळ आलेला.

“ये रं बाबा, दोघं बी जाऊ आता,” तो म्हणाला.

माझ्या पायांत दम होता. मी गेलो नाही. पूल उतरायच्या आत घोळका आम्हाला ओलांडून गेला, कुणीतरी ओरडलं, “चला आजोबा, या!” तो हसत सुटला, रागावला नाही. शेवटी हायवेच्या नाक्यावर मला चहा पाजला त्याने.

म्हणजे तुमचं बरोबर होतं. तो वारा त्याला तेव्हाही पेलला नसता. हे सिद्ध करायला मी इतकी वर्षं घालवली आणि हातात आलेली शर्यतही. तुमचं बरोबर होतं म्हणून मी तुम्हाला माफ करीन, असं समजू नका. बरोबर असणाऱ्या माणसांनीच माझं वाटोळं केलंय.

ग्रुपवरचा तो अजून विचारतोय, दोन ओळी कुठे. नाही टाकणार. फक्त एक गोष्ट, ती चहा पिताना त्यालाही सांगितली नाही आणि बायकोलाही नाही. त्या पुलावर मी त्याच्या मागे बसलो होतो ना, तेव्हा कान मागे लावून होतो. शिट्टी वाजली असती, तर मी पुढे गेलो असतो.